न बोललेली दवंडी

“उद्या दिवस मावळायच्या आत हे पाच बोल बंद झाल्याचं नगरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे!” भगवंतराजे गरजले. “आणि त्यातला एक जरी तुझ्या तोंडून निघाला, तर डफ जप्त आणि तू वेशीबाहेर!”

सखोबा दवंडीवाल्याला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. “महाराज, बोल उच्चारायचेच नाहीत तर दवंडी देऊ कशी?”

“ते तुझं काम! तुला सूट दिली की उद्या कोतवाल मागेल, परवा पुजारी!”

हे पाच बोल म्हणजे लोकांच्या रोजच्या तोंडचे. उठता-बसता तेच ऐकून राजाचं डोकं उठलं होतं. त्याने ते दरबारात शेवटचे म्हणून एकदा उच्चारले आणि हुकमावर शिक्का मारला. राज्याचा कायदा असा, की हुकूम ज्याच्या कानावर पडेल त्याला तो लागू. सखोबाच्या कानावर पडला होता!

घरी येऊन तो कोपऱ्यात बसला. सून चिमा चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळी हकीकत ऐकून ती भडकली.

“बोल लोकांचे, राग राजाचा आणि घर मोडायचं आमचं? वा रे न्याय! कुठले बोल ते तरी सांगा, मामंजी.”

“सांगितले की वेशीबाहेर, सूनबाई!”

“बरं, आधी जेवून घ्या. भाकरी निवतेय. येताय ना?”

“हा आ—”

सखोबाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळे पांढरे झाले!

चिमाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. “‘हा आलोच!’ हा त्यातलाच ना?”

सखोबाने मान हलवली. “आता तुलाही कळला. तुलाही बंद!”

“बंद तर बंद! मामंजी, तुम्हाला बोलायचं नव्हतं तरी तो ओठांवर आला. मग ज्यांना काही माहीतच नाही, त्यांच्या ओठांवर किती पटकन येईल? आपण कशाला सांगायचं? लोकांकडूनच वदवून घेऊ!”

उरलेले चार तिने अंदाजाने विचारले, सखोबा मानेनेच हो-नाही करत गेला. वीसेक चुकले. ते ऐकून सखोबा म्हणाला, “राजाला हे सुचले नाहीत, हे आपलं नशीब!”

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. चिमा पुढे, डफ घेऊन सखोबा मागे. ती थेट सोनबा सुतारापुढे उभी राहिली.

“दादा, आमचा पाट तीन महिने झाले तुमच्याकडे. कधी देणार?”

रंधा न थांबवता सोनबा म्हणाला, “बघू!”

ढब्ब! सखोबाची थाप पडली. “ऐका हो ऐका! आत्ता जो कानावर पडला, तो बोल राजाच्या हुकमाने बंद! पुन्हा बोलेल त्याला ओंजळभर कडुलिंबाचा रस!”

“अरे, मी काय शिवी दिली का?” सोनबा ओरडला. लोक हसत गोळा झाले.

“भागूजी, सणाच्या आत लुगडी धुऊन मिळतील ना?” चिमाने परटाला विचारलं.

“होऊन जाईल!”

ढब्ब!

दुकान उघडं टाकून किराणावाला पलीकडे गप्पा छाटत होता. “शेठ, गिऱ्हाइकं ताटकळलीत!”

“हा आलोच!”

ढब्ब! आता अख्खा बाजार मागे लागला.

सरूमावशी म्हणजे सगळ्यांच्या चुका काढणारी बाई. चिमाने तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. “कशी झालीय, मावशी?”

“राग मानू नकोस गं, पण—”

ढब्ब!

“पण काय ते तर ऐका!” मावशी कडाडली. “मीठ जास्त झालंय!”

राहिला एक. पारावर नानाजी बसले होते. चिमा त्यांच्या शेजारी जाऊन गप्प बसली. बाजारही गप्प. नानाजींनी मान खाजवली, खोकून पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. शेवटी त्यांना राहवेना.

“मग... बाकी काय विशेष?”

ढब्ब! बाजार हसून लोटपोट झाला.

संध्याकाळी दरबार भरला. दिवाण विसाजीपंत फणफणत पुढे आले. “महाराज, या बाईने पाच प्रजाजनांकडून भर बाजारात गुन्हा करवला!”

“गुन्हा झाला कधी?” चिमा म्हणाली. “हुकूम कानावर पडेल त्याला लागू. त्यांच्या कानावर तो त्यांच्याच तोंडून पडला, महाराज. बोलेपर्यंत ठाऊक नव्हता. कळल्यावर कुणी बोललं असेल तर दाखवा!”

“पण कळला कशावरून?” राजाने विचारलं.

“सोनबा सुताराला बोलवा आणि आमच्या पाटाचं विचारा.”

सोनबा आला. “काय रे, पाट कधी देणार?” राजाने दरडावलं.

सोनबाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळाला घाम फुटला. “प... परवा सकाळी!”

“सुताराने दिवस सांगितला!” राजा सिंहासनावरून उठलाच. “माझ्या उभ्या हयातीत पहिल्यांदा! माग बाई, काय हवं ते!”

“आमच्या वस्तीतल्या विहिरीला कठडा नाही, महाराज. दोन माणसं पडली. दोन वर्षांपूर्वी अर्ज दिलाय.”

राजाने दिवाणाकडे पाहिलं. विसाजीपंतांनी घसा साफ केला. “त्यावर योग्य वेळी योग्य तो विचार—”

ढब्ब!

दरबार दचकला. सखोबाचा हात डफावर होता. “चुकलो, महाराज! सकाळपासूनची सवय, हात आपोआप गेला!”

राजाने डफाकडे पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं आणि जो हसत सुटला, की पगडी कानावर आली!

“सहावा! हा सहावा! कठडा पंधरा दिवसांत उभा राहील. आणि सखोबामागे दवंडीचं वतन चिमाचं! पण बाई, या सहाव्याची दवंडी कशी देशील?”

“सोपं आहे, महाराज,” चिमा म्हणाली. “उद्या दिवाणसाहेबांना चौकात बसवा. लोक आपापल्या अर्जांचं विचारतील. आम्ही फक्त डफ घेऊन शेजारी उभे राहतो!”