तळाशी बसलेला रस

फार पूर्वी, रात्रीचा उजेड बियांतून पिळून काढावा लागे, त्या काळची ही गोष्ट आहे.

एका राज्यात करंजाच्या बियांपासून दिव्याचे तेल करण्याचा मोठा कारखाना होता. घाण्यातून निघालेले तेल जाड असे आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबे. म्हणून ते मोहाच्या दारूत आणि राखेच्या पाण्यात घुसळून ठेवत. मग पातळ, स्वच्छ तेल वर येई आणि तळाशी तपकिरी, चिकट रस बसे. तेल राजवाड्यात जाई; रस मागच्या खड्ड्यात ओतला जाई.

त्या खड्ड्याकडे कोणी वळून पाहत नसे. एके वर्षी खड्डा काठोकाठ भरला, रस ओढ्यात झिरपला आणि खालच्या गावात मासे मरून उताणे तरंगू लागले. राजाने कारखान्याच्या कारभारणीला बोलावून बजावले, "पावसाळ्यापूर्वी या रसाची सोय लाव. नाहीतर कारखान्याला टाळे लागेल."

कारखान्यावर सगळ्या वस्तीच्या चुली पेटत होत्या. कारभारणीला स्वस्थता म्हणून उरली नाही. जेवता जेवता ती मध्येच उठे आणि खड्ड्याची पातळी पाहून येई.

रस गोडसर लागतो, असे कोणीसे म्हणाले होते. तेवढ्या आधारावर ती घागर भरून हलवायाकडे गेली. हलवायाने बोट चाटले. "गोड आहे खरं," तो म्हणाला आणि लगेच माठाकडे धावला. "अहो बाई, घसा पोळला! हे खाल्लेलं गिऱ्हाईक माझ्याकडे परत येईल, पण काठी घेऊन!"

गवळ्याने तिला गोठ्याजवळ फिरकू दिले नाही. मग तिने रस फुकट देऊ केला, तर कुंभार म्हणाला, "फुकट? मग नक्की काहीतरी खोट असणार." पुढे पुढे तिची घागर वळणावर दिसली की लोक दारे लोटून घेऊ लागले.

लोहारणीचे दार तेवढे उघडे राहिले, कारण तिचे दोन्ही हात भात्यावर होते.

"आलीस का पुन्हा?" लोहारीण म्हणाली. "तुला घागर रिकामी करायची आहे, एवढंच आम्हाला कळतं. आमच्याकडे काय मोडलंय, ते कधी पाहिलंस का गं?"

कारभारीण वरमली. तिने घागर खाली ठेवली आणि प्रथमच नीट पाहिले. उन्हाने आणि आगीच्या झळांनी भात्याचे कातडे तडकले होते. वारा भेगांतून निसटत होता आणि लोखंड काही केल्या लाल होत नव्हते. नांगरणी तोंडावर आली होती, आणि नांगराचे फाळ भिंतीशी तसेच पडून होते.

"तेल का लावत नाही?"

"लावलं की उंदीर कुरतडतात. आणि ठिणगी पडली म्हणजे?"

कारभारणीच्या मनात आले, खड्ड्याच्या काठच्या दगडावर सांडलेला रस भर उन्हातही वाळत नाही. कातड्यातला ओलावाही तो असाच धरून ठेवील का? पण अंदाजावर दुसऱ्याचा भाता पणाला लावणे तिला पटेना. तिने कातड्याचा एक तुकडा मागून नेला आणि रसात भिजवला. थोड्याच दिवसांत तो फुगून पिचला.

"भात्याला लावलं नाहीस ते बरं," लोहारीण म्हणाली. "नाहीतर तुझंच कातडं ताणून बसवलं असतं!"

दोष राखेच्या खाराचा असावा, असे कारभारणीला वाटले. तिने रसात चिंचेचा कोळ थोडा थोडा घातला. साबणासारखी मळी वर आली, ती काढून टाकली. दारूचा वास जाईपर्यंत रस मंद आचेवर ठेवला आणि कापडातून गाळला. त्यात भिजवलेला दुसरा तुकडा उन्हाळी वाऱ्यातही मऊ राहिला. तेव्हा कुठे तिने भात्याला रस चोळला; कातडे मऊ झाल्यावर लोहारणीने भेगांवर ठिगळे शिवली. भाता पुन्हा भरून श्वास घेऊ लागला आणि फाळ तापले.

पण एका भात्याला रस तो किती लागणार? कारभारणीची वणवण थांबली नाही. फक्त प्रश्न बदलला. ती आता दारात उभी राहून विचारी, "तुमचं काय अडलंय?" खोगीर शिवणाऱ्याने रस नेला. वैद्याने तो पाण्यात मिसळून आधी स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांना लावला आणि मगच इतरांना दिला. पोटात घेण्यासाठी मात्र कारभारणीने तो कोणालाही दिला नाही. तेवढी खात्री तिला नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर राजा आला. "खड्डा रिकामा झाला?"

"नाही महाराज. पातळी निम्म्यावर आली आहे, ओढ्यात थेंब जात नाही. पण पूर्वीइतकं तेल काढलं, तर खड्डा पुन्हा भरेल. जेवढ्या रसाला घेणारा आहे, तेवढंच तेल काढू द्यावं."

"म्हणजे माझ्या महालात अंधार करणार?"

"मागच्या सज्ज्यातले दिवे कमी होतील, महाराज. तिथे कबुतरांखेरीज कोणी नसतं."

राजाला हसू आवरले नाही. त्याने कारखान्याला लावण्यासाठी आणलेले टाळे परत नेले. मागचा सज्जा काळोखात राहू लागला, आणि खालच्या गावातली माणसे पुन्हा ओढ्यात जाळी टाकू लागली.

या कथेचा बोध असा: आपल्याकडे जे उरते ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू पाहणाऱ्याला दारे बंद मिळतात, दुसऱ्याचे काय अडले आहे हे आधी पाहणाऱ्याला त्याच उरलेल्याचे मोल सापडते.