वणव्याच्या पायघड्या

एक होता राजा. राजा म्हटलं की तुम्हाला वाटतं शहाणाच असणार. छे! या राजाच्या डोक्यात नुसती शोभा. एकदा काय झालं, त्यानं दूरदेशाहून एक झुडूप आणवलं. लाल-पिवळ्या फुलांचे इवले गुच्छ, दिसायला गोड. राजानं त्याचं नाव ठेवलं राजफुला. लावलं डोंगरावरच्या महालापाशी, आणि ते पसरत पसरत डोंगर उतरून गावाच्या कुंपणाला येऊन भिडलं. शेळी त्याला तोंड लावेना, खाली गवत उगवेना, आणि पान चुरगळलं की वास असा की नाक धरावं. बायका त्याला घाणेरी म्हणायच्या. बरोबरच म्हणायच्या.

डोंगराला अगदी चिकटून गावाचं शेवटचं घर होतं, ते ठकूचं. घरात ठकू आणि तिची म्हातारी सासू. सासू पायांनी अधू, बरं का. सुनेनं उठवलं की उठायचं, बसवलं की बसायचं. पण दोघींचं मेतकूट असं जमलेलं, की शेजारणींनी बघत राहावं.

मग उन्हाळा आला. घाणेरी वाळून कडकडीत झाली. एका दुपारी ठकू पलीकडच्या टेकडीवर सरपण आणायला गेली, तर तिथे खडकावर कोण बसलेलं? वणवा! लाल मुंडासं, पिवळं धोतर, गवताच्या काड्या कुडुमकुडुम खातोय. ठकू भ्यायली, पण पळाली नाही.

वणवा म्हणाला, "मावशी, तुमच्या राजानं काय झकास पायघड्या घातल्यात गं माझ्यासाठी! उघड्या मातीवर माझे पाय पोळतात. आता कसा ऐटीत येईन, थेट तुझ्या दारापर्यंत. वारा सोबतीला आला की निघालोच."

पायघड्या माहीत आहेत ना? मोठ्या पाहुण्याला चालायला कापड अंथरतात, त्या. ठकूनं वळून आपल्या घराकडे पाहिलं. गाव पळेल, पण सासू कशी पळणार?

मग ती गेली महालात. राजा जेवतोय म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. मग दुसऱ्यांदा गेली. प्रधानानं तिलाच फैलावर घेतलं. घाणेरी काय म्हणतेस, आधी राजफुला म्हण आणि मग बोल, म्हणे! गावावर आग येतेय आणि याला नावाचं पडलंय. मग तिसऱ्यांदा गेली, तेव्हा कुठे राजा भेटला. तिनं हात जोडून एवढंच मागितलं, की गावाच्या बाजूची पट्टाभर झुडपं काढू द्या, बाकीची शोभा तुमची तुम्हाला लखलाभ. त्यावर राजानं काय करावं? दवंडी पिटवली, की जो कोणी राजफुलेला कोयता लावेल त्याचा हात तोडू.

मला तर सांगतानाही संताप येतो. राजाच्या दाराशी घोडे, पालख्या. आग लागली की हा बसला आणि निघाला. बाजेवरच्या म्हातारीला कोणाची पालखी? याच्या डोळ्यांना गोड दिसावं म्हणून तिनं जळायचं?

ठकू रडत नव्हे, धुसफुसत घरी आली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दवंडीत कोयत्याचं नाव होतं, हातांचं कुठे होतं? तिनं घरोघर जाऊन हेच सांगितलं. मग सकाळी सगळं गाव मोकळ्या हातांनी निघालं. राजाचे शिपाई कोयता शोधून शोधून दमले आणि सावलीत जाऊन बसले. इकडे बायका-माणसं झुडपं मुळासकट उपटत होती. काट्यांनी हात सोलून निघाले. ओढ्यापासून कड्यापर्यंत चांगला रुंद पट्टा त्यांनी मोकळा केला, आणि मग खराट्यांनी झाडून पालापाचोळासुद्धा ठेवला नाही.

आणि मग वारा सुटला. वणवा आला तो धडधडत! लोक ओढ्याकडे धावले. सासू ठकूला म्हणत होती, तू जा, माझं झालं जगून. ठकू ऐकेल तर शपथ. तिनं सासूचा हात घट्ट धरला आणि दाराकडे बघत बसली.

वणवा पट्ट्यापाशी आला. उघड्या मातीवर एक पाऊल टाकलं आणि चटका बसून मागे घेतलं. मग ओरडला, की मावशी, माझ्या पायघड्या कुणी काढल्या?

ठकूनं आतूनच सांगितलं, "आम्ही काढल्या. ज्यानं घातल्या, पाहुणचार त्याच्याकडे माग."

मग काय, वणवा वळला आणि पायघड्यांवरून ऐटीत चढत थेट महालात गेला. आचारी पळाले, शिपाई पळाले. घोडे बुजून कधीच उधळले होते. पालखी उचलायला भोई नाही. राजा एका पायात जोडा, अर्धी मिशी करपलेली, असा ओढ्याच्या काठाकाठानं धावत आला आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर धापा टाकत उभा राहिला. जीव वाचला मेल्याचा. आणि पहिलं काय विचारावं त्यानं?

"माझी फुलं कोणी उपटली?"

बघा, बघा तोरा! पण ठकू शांतपणे पट्ट्याच्या कडेशी आली.

"महाराज, तुम्ही उभे आहात ना, तिथलीच उपटली."

राजानं खाली पाहिलं. पायाखाली उघडी माती, आणि तिच्यात सगळ्या गावाच्या बोटांचे ओरखडे. तो खाली बसला, आणि कडेला राहिलेलं एक खोड दोन्ही हातांनी उपटायला लागला. काटा लागला तसा कळवळला. लागू दे.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा झाडायला राजाही येतो, आणि घाणेरीला घाणेरीच म्हणतो. ठकू सुखात आहे, सासू बाजेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडते. आता मिटा डोळे. दार लावलंय, चूल विझवलीय, मी इथेच आहे.