चंद्रावर मुसळ हलकं झालं

एका गावात (नाव सांगत नाही, तिथल्या बायका भांडायला येतील) येसूकाकी नावाची एक कांडपीण राहत होती. भिजवून भाजलेलं भात उखळात घालायचं आणि मुसळाने पोहे कांडायचे, हाच तिचा धंदा. हात चालू आणि तोंडही चालू! "मेलं हे मुसळ! उचलता उचलता खांदे गळून गेले माझे."

एक दिवस काकीच्या नातवाचं बारसं होतं. दुपारी लेकीच्या सासरची माणसं दहीपोहे खायला येणार होती. लेकीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "पोहे माझ्या आईच्या हातचे!" काकीने सकाळीच भात भाजून मडक्यात भरलं. ते गरम असतानाच कांडावं लागतं. गार झालं की पोहे होत नाहीत, नुसता चुरा होतो.

काल पौर्णिमा झालेली. चांदोबा अजून मावळायचा होता. काकीची कुरकुर ऐकून तो म्हणाला, "काकी, माझ्याकडे चला. इथे वजन सहावा हिस्सा. तुमचं बारा शेरांचं मुसळ इथे दोन शेरांचं होईल."

"अगंबाई! मग इतकी वर्षं गप्प का होतास रे?"

चांदोबाने शिंकं खाली सोडलं. उखळ, मुसळ, मडकं आणि काकी, सगळी वरात वर गेली.

आणि काय सांगू! तिथे मुसळ सहज उचललं गेलं. काकी खुदकन हसली. तिने मुसळ उचललं आणि सोडलं. ते सावकाश खाली आलं आणि नुसतं टेकलं. दाणा जसाच्या तसा! तिने अंगातला सगळा जोर लावून खाली दाबलं, तर मुसळ जागेवरच आणि काकीच वर उडाली. मग तिने मुसळ सहापट उंच फेकलं आणि कमरेवर हात ठेवून वाट बघत बसली. दणका घरच्याएवढा बसला खरा, पण एका दणक्यासाठी केवढी उठाठेव! इकडे मडकं गार व्हायला लागलं.

काकीचा जीव वरखाली झाला. "अरे चांदोबा, तुझ्याकडे उचलणं सोपं, पण पडण्यात दमच नाही! मला वाटायचं मी कांडते. कांडत होतं ते मुसळाचं वजन. सोड मला खाली, लवकर!"

"हात दुखतील पुन्हा."

"दुखू देत! माझ्या लेकीची मान खाली जायला नको."

घरी येताच काकीने पदर खोचला. दण, दण, दण! निम्मं भात गार झालं होतं, त्याचा चुरा कोंबड्यांपुढे गेला. उरलेल्याचे पोहे मात्र असे पातळ झाले, की विहीणबाईंनी दोनदा मागून घेतले. लेकीचा चेहरा नुसता फुलला होता.

बारसं आटोपल्यावर नातू काकीच्या मांडीवर झोपून गेला. लेक म्हणाली, "आई, दमली असशील. झोपला की जड होतो गं तो. दे इकडे."

"राहू दे. चंद्रावर हा मला कळलाही नसता मांडीवर," काकी म्हणाली. "मला हा असाच हवा, पाय अवघडेपर्यंत."

तर बाळांनो, तात्पर्य एवढंच: जे वजन आपल्याला दमवतं, पुष्कळदा तेच आपलं काम करत असतं.