जोडीची चाल

ही गोष्ट फार जुनी नाही. पण यंत्रं लवकर म्हातारी होतात, म्हणून जुनीच म्हणायची. यमुनाताईंच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर काम करता करता अडायचा. नवा परवडेना, म्हणून ताईंनी आतल्या जुन्या मेमरीच्या पट्टीशेजारी एक नवी पट्टी बसवली.

नवी फणकारली, "आजी, तुमच्या या संथ चालीनं मी नाही चालायची!"

कॉम्प्युटर सुरूच होईना. ताई हताश झाल्या, "आता भंगारातच द्यावा."

जुनी म्हणाली, "पोरी, जोडीतला एकच बैल पळाला, तर गाडी पुढं जात नाही, उलटते."

नव्या पट्टीनं पाऊल आवरलं. स्क्रीन उजळला.

"नवी पट्टी गुणाची निघाली गं बाई!" ताई म्हणाल्या.

नवी ओशाळली. "आजी, त्यांना खरं सांगू?"

"कशाला? चल, गिऱ्हाईक आलंय."