त्रेचाळीसच्या पुढं

“अडकतोस कुठं?”

“त्रेचाळीसपाशी.”

“आन पाठ किती हाईत म्हणालास?”

“सहाशे आकडे.”

निंगाप्पा हेळवी हसला न्हाई. मला वाटलं हुतं हसंल. मग मी भांडायला तयारच हुतो.

हेळवी म्हंजे घराण्याची नावं पाठ ठेवणारा माणूस. दोन-तीन वर्सांनी बैल घिऊन गावात येतो आन तुमचा आजा, पणजा, खापरपणजा, नऊ पिढ्या न बघता सांगतो. निंगाप्पा ऐंशीला टेकलाय. दीडशे घरं त्याच्या डोक्यात. आठवण धरायला शिकायचं तर ह्याच्यापरास मोठा गुरू आमच्याकडं कोण न्हाई. देवळाच्या कट्ट्यावर उतरला हुता.

मी शिकायला म्हणून गेलो. खरं सांगायचं तर तपासायला गेलो.

“अज्जा, माझं तुमच्यापेक्षा जास्त पाठ हाय.”

“असंल.”

एवढंच. डोकं फिरलं माझं.

“असंल न्हाई, हायच! फकस्त अडकलं की सोडवायचं कसं तेवढं सांगा. सोमवारी तालुक्याला लोकांपुढं म्हणायचं हाय. हेडगुरुजींनी माझं नाव दिलंय. तिथं अडकलो तर तोंड कुठं दाखवू?”

“आकडे कसले रं, बिरू?”

“गोलाचे. कुठलंबी चाक घ्या. त्याच्या घेराला मधल्या रुंदीनं भागा. तीन येतंय, आन पुढं आकडे सुटत्यात ते संपतच न्हाईत. गुरुजींनी शाळंच्या भितीवर सहाशे रंगवल्यात. समोरच्या पाण्याच्या टाकीवर मी कामाला. दीसभर दुसरं बघायला हाय काय?”

“आन घरी?”

“घरी कोण न्हाई.”

म्हातारा सरकून माझ्याकडं तोंड करून बसला.

“आमच्यात एक रीत हाय,” म्हणाला. “एक नाव घेतलं की ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. तवा पुढचं नाव. हूं न्हाई आलं तर हेळवी गप. तू म्हण. मी हूं म्हणतो. पर नुसता आकडा नको. कशाला बांधलायस तेबी सांग.”

त्याला कसं कळलं देव जाणं. मी दोन-दोन आकड्यांची जोडी करतो आन एकेक जोडी आपल्या घरातल्या, रानातल्या वस्तूला बांधतो. त्याबिगार ऱ्हात न्हाईत.

“तीन. चुलीचे दगड.”

“हूं.”

“चौदा. शाळा सोडली ते वय.”

“हूं.”

“पंधरा. आमची हीर पंधरा परस खोल.”

“हूं.”

“ब्याण्णव. आजा मेला तवाचं वय. पासष्ट. रानाचा गट नंबर.”

“हूं.”

“पस्तीस. पास व्हायला लागत्यात तेवढे मार्क.”

“पडले?”

“कधीच न्हाई.”

“हूं.”

“एकोणनव्वद. म्हशीच्या कानातला बिल्ला.”

“हूं.”

दोन वर्सांत माझ्या बोलण्याला कुणी हूं म्हणालं न्हवतं. खाकरून थुकून आलो.

“आता सोपं हाय, अज्जा. आता वाट हाय. एकोणऐंशी, माझ्या मोटारसायकलीचा नंबर. बत्तीस, सासुरवाडीच्या फाट्यावरचा किलोमीटरचा दगड. अडतीस, त्यांच्या दारावरचा घर नंबर. मधी तीन जोड्या. मग तेच उलटं. अडतीस, बत्तीस, एकोणऐंशी. गेलो तसा आलो. आख्ख्या भितीवर एवढी सोपी जागा न्हाई.”

“आन तिथंच अडकतोस.”

“तिथंच! म्हैना झाला. पुढचं समदं येतंय, पर त्रेचाळीसपाशी जीभ चिकटती.”

“मधल्या तीन सांग.”

“सेहेचाळीस. सासरा. दारातच बसलेला. म्हणाला, सेहेचाळीस दिसांनी आठवण झाली व्हय जावईबापूंना?”

“बायको म्हायेरी कशापायी गेलेली?”

“आमटी खारट झाली म्हणून मी ताट भिरकावलं. लागलं न्हाई तिला. भितीला लागलं.”

“हूं. फुडं.”

“सव्वीस. मालन. सव्वीस वर्सांची हुती तवा.”

“हूं.”

“त्रेचाळीस. ऊन. त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर गेलेला. एवढ्या उन्हातनं मी तिला आणायला गेलो, आन म्हातारा मला टोमणा मारतो! मग माझंबी डोकं हाय का न्हाई?”

“हूं. मग?”

“मग काय? ती आली न्हाई. मी माघारी आलो.”

ह्याला हूं आलं न्हाई.

मी थांबलो. बैलानं शेपटीनं माशी हाकली.

“अज्जा, हूं म्हणा की.”

“मालन कुठं उभी हुती?”

“आतल्या दारात.”

“हातात काय हुतं?”

“...पिशवी.”

“मोकळी?”

“भरलेली.”

“पायात?”

“तुमाला काय करायचंय तिच्या पायाचं!” मी वरडलो. देवळातला गुरव बाहीर येऊन बघून गेला.

म्हातारा माझ्याकडं बघत ऱ्हायला. नावं सांगताना बघतो तसा, समोरच्याची घाई न बघता.

“...चपला हुत्या,” मी म्हणालो.

“घरात?”

“घरात.”

दोन वर्सं मी गावाला सांगत आलोय, आणायला गेल्तो, आली न्हाई. भावाला सांगितलं. गुरुजींना सांगितलं. त्या भितीलाबी रोज तेच सांगितलं. सांगून सांगून मलाबी तेच दिसायला लागलं हुतं. नुसतं रिकामं दार.

“मी गाडीवरनं उतरलोबी न्हवतो. सासरा बोलला आन...” मी म्हणालो.

“आन?”

“मी तिच्याकडं बघितलं. ती एक पाऊल फुडं आली. आन मी...”

माझा उजवा पाय आपसुक वर गेला आन गाडीला किक मारल्यागत खाली आला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मला थांबवता येईना.

निंगाप्पा वाकला. माझा घोटा त्यानं दोन्ही हातांनी धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असंल असं वाटलं न्हवतं.

किती येळ तसाच धरून बसला...

“अज्जा,” मी म्हणालो, “सोमवारी त्रेचाळीसच्या पुढं जाऊ कसा?”

“गाडी बंद कर,” तो म्हणाला. “साडी सावरून बसायला बाईमाणसाला येळ लागतो.”