वासकपारीतली वडी

आमच्या धनगरवाड्यावरून वर कातळाच्या सड्याकडे, म्हणजे सपाट माळाकडे, चढू लागलं की वासकपार दिसायच्या आधी तिचा वास येतो. ओलं कांबळं, शेळ्यांचा कोंडवाडा आणि दिवसभर वहाणेत राहिलेला पाय, असं सगळं मिळून तो वास आहे. पाहुणे इथे थांबतात, नाकाला रुमाल लावतात आणि मला विचारतात, "वर काही मेलंय का?" हाच प्रश्न पूर्वी आमच्या लोकांनी विचारला होता. त्यातून जे घडलं ते मी जसं ऐकलं तसं सांगतो.

कपारीच्या तोंडाशी उंबर आहे. त्याखालच्या काळ्या दगडाला मधोमध एक खळगा पडला आहे, आतून अगदी गुळगुळीत. तो कोणी घडवलेला नाही, म्हशींच्या जिभांनी झालेला आहे.

फार पूर्वी, म्हणे, घाटाखालून एक गोरा मिशनरी इथे आला. लांबेर त्याचं नाव. बेल्जियम देशातल्या हर्व नावाच्या मुलखातला तो. खालची गरमी त्याला सोसेना, म्हणून सड्यावर झोपडी घालून राहिला. लोक त्याला लांबेर बाबा म्हणत, पण लांबूनच. हा धर्म बुडवायला आला असणार, असा सगळ्यांचा संशय होता. त्याने देवाधर्माचं कोणाला काहीच सांगितलं नाही, तेव्हा तो संशय आणखी वाढला. मग हा आलाय तरी कशाला?

त्याला दूध हवं असे. पावसात घाटाची वाट बंद होई, दूध खाली नेता येत नसे. भागाई झोरे नावाची एक तरुण विधवा होती. तिच्या गोठ्यात चार म्हशी होत्या आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. ती उरलेलं दूध बाबाला नेऊन घाली आणि तो तिला मीठ देई. त्या काळी वर मीठ सहज मिळत नसे.

पण बाबा ते दूध पीत नाही, हे लवकरच सगळ्यांना कळलं. तो उंबराला चीर देऊन चीक काढी, दुधात टाकी आणि चांगलं दूध मुद्दाम नासवी. आमच्याकडे दूध नासलं तर घरावर कसलीतरी सावली आली असं समजतात. बाया ते घराबाहेर नेऊन ओततात आणि भांडं राखेनं घासतात. हा माणूस तर नासलेलं दूध दाबून त्याच्या चौकोनी वड्या करी, कपारीत मांडून ठेवी आणि रोज मिठाच्या पाण्यानं लहान मुलासारखी त्यांना आंघोळ घाली. ते पाणी उंबराखालच्या दगडावर ओती. दिवस गेले तशा वड्या तांबूस झाल्या, चिकट झाल्या, आणि वास सुटला.

नेमकं त्याच दिवसांत बमू येडग्याचं रेडकू हरवलं.

बमू म्हणजे वाड्याचा म्होरक्या. रान पालथं घालूनही रेडकू सापडलं नाही. शोधता शोधता तो कपारीपाशी आला आणि त्याला तो वास आला. त्याच सुमाराला, असं सांगतात, घाटाखाली गोऱ्या साहेबांच्या घरी स्वयंपाकाला राहिलेला एक माणूस वर आला होता. त्याने सांगितलं की त्या लोकांच्या देशात कोवळ्या वासराच्या पोटातलं काहीतरी काढून त्याने दूध विरजतात.

बमूने सगळ्यांसमोर बाबाला विचारलं, "खरं हाय का हे?"

बाबाला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "माझ्या देशात, होय. इथे नाही."

लोकांनी पहिला अर्धाच भाग ऐकला.

सगळा वाडा निवाड्याला कपारीसमोर बसला. दूध भागाईचं, म्हणजे पापातला वाटाही भागाईचा. तिच्या म्हशी पाणवठ्यावर येऊ द्यायच्या नाहीत, तिनं घाट उतरून निघून जावं, असं ठरू लागलं. घाटाखाली म्हशींना चारा नव्हता आणि तिला कोणी नव्हतं. वाड्यातून जाणं म्हणजे तिचा संसार मोडणंच होतं.

भागाई उठली. तिने आपल्या पुढारी म्हशीचं दावं हातात घेतलं. दावं धरून आमचा गवळी-धनगर खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "ह्यात रेडकाचा केसभर जरी अंश असंल, तर हिचे सड आटू देत."

शपथ तर तिने घेतली. पण वडी तिने कधी चाखली नव्हती. मनातून तिलाही संशय होताच.

बाबाने वडी कापली आणि नाचणीच्या भाकरीवर ठेवली. त्याच्या मुलखात यावर नासपतीचा आटवलेला रस घालतात, इथे त्याने काकवी ओतली. तो स्वतः खाऊन दाखवणार, तोच बमूने त्याचा हात धरला. "तू न्हाय. तुझ्या पोटाचा काय भरवसा? ती खाऊ दे."

भागाईने नाक दाबून घास घेतला. मग तिने नाक सोडलं.

"काय लागतंय?" बमूने विचारलं.

"मामा, नाकाला लागतंय त्यातलं तोंडाला कायबी लागत न्हाय."

"मग काय लागतंय?"

तिने दुसरा तुकडा उचलला.

"सोंग करतीय," बमू म्हणाला. "घर वाचवायला माणूस शेणबी गोड मानून खाईल. आण हिकडं. आयुष्य म्हशींत गेलं माझं, रेडकू असंल तर मला कळंल."

त्याने डोळे मिटून खाल्लं. आधी साय लागली, मग मीठ, मग घशात एक ऊब उतरली, आणि मागून काकवीने सगळं सांभाळून घेतलं. लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"खात्री न्हाय," बमू म्हणाला आणि हात पुढे केला. बाबाने आणखी दिलं. "अजून न्हाय."

एक म्हातारी मागून म्हणाली, "बमू, तुझी खात्री व्हायच्या आत वडी सरंल रं!" सगळा वाडा हसला. बमू हसला नाही. त्याने निकाल दिला, की आपली खात्री होईपर्यंत भागाईला कोणी वाड्यातून हलवायचं नाही.

त्यानंतर दर नव्या वडीला बमू तपासायला येऊ लागला. बाबा पुढे गेला. कोणी म्हणतात मायदेशी, कोणी म्हणतात खालच्या मिशनात वारला. पण तोवर भागाई वडी करायला शिकली होती. तिची पुढारी म्हैस म्हातारी होईपर्यंत दूध देत राहिली, आणि दगडावरचं मिठाचं पाणी चाटायला सगळ्यांत आधी तीच येई. बमू अंथरुणाला खिळला तेव्हा भागाई भाकरीवर वडी घेऊन गेली आणि म्हणाली, "मामा, आता तरी झाली का खात्री?" त्याने मान हलवली. न्हाय.

आजही दसऱ्यानंतर वाट उघडली की भागाईच्या भावकीतल्या कमळवहिनी झोरे पहिली वडी काढतात, एका हातात दावं धरून आधी स्वतः खातात. समोर येडग्यांच्या घरातला एक पुरुष उभा राहतो. हल्ली तो मी असतो. चारचौघांत बोलायला मला जड जातं, पण एवढं विचारावंच लागतं, "ह्यात काय हाय?" वहिनी म्हणतात, "दूध, मीठ, उंबराचा चीक." मी वास घेतो, खातो. पाहुणे हसतात, त्यांना हे नाटक वाटतं.

पण रेडकू अजून सापडलेलं नाही. वहिनी दावं धरून माझ्या उत्तराची वाट बघत असतात. मी म्हणतो, "खात्री न्हाय," आणि पुन्हा हात पुढे करतो.