दुपारचा बेडूक

गोष्ट सांगायची हौस इथं कुणालाही नाही. शहाणपण सांगावं तेव्हा लोक जांभया देतात, गप्प बसावं तर "एक दृष्टांत होऊन जाऊ द्या" म्हणून मागं लागतात. घ्या मग. एकदाच सांगणार.

एकदा एक तरुण शिष्य पानमळा राखणाऱ्या एका वृद्धाकडे आला. वडिलांच्या पश्चात त्याचा पानमळा वाळून गेला होता. त्यातल्या पानवेलाची शेवटची वीस बेणी, म्हणजे लावायची कांडी, आईनं न्हाणीच्या भिंतीकडेला जगवली होती. त्यातली दहा त्यानं मोकळ्या रानात लावली, दहाही करपली.

"पाणी कमी केलं नाही, बाबा, खत कमी केलं नाही. मातीसुद्धा तुमच्याच मळ्यातली नेली. उरलेली गेली तर आईला तोंड कसं दाखवू?"

"बेणी आईपाशीच राहू दे. रानात शेवरी, हादगा पेर. दाट पेर."

पोरगा हिरमुसला, पण पेरलं. झाडं गुडघ्याला आली, छातीला आली. म्हातारा रोज भर दुपारी यायचा, बांधावर वहाणा काढायचा, झाडांत जाऊन बसायचा आणि उठताना म्हणायचा, "अजून नाही."

शेजारचा रानवाला खदखदून हसायचा. "पानमळ्यात वहाणा काढतात हे ठाऊक आहे, पण वेल कुठाय? म्हाताऱ्याला चळ लागलाय! शेळ्या पाळ रे पोरा, पाला बक्कळ झाला."

शिष्याला लाज वाटली. त्यानं एक बेणं गुपचूप लावलं. तिसऱ्या दिवशी ते कोळपलं. म्हातारा रागावला नाही. "नऊ राहिली," एवढंच म्हणाला.

आश्विन आला. बांधावर पाय ठरेना असं ऊन. त्या दुपारी झाडांतून हलकी हाक आली, "ये. सावकाश ये."

हादग्याच्या बुंध्याशी एक इवलासा बेडूक बसला होता. गळा धपापत होता, पण जागचा हलत नव्हता.

"आता आण बेणी."

"ह्याची वाट बघत होता?"

"ह्याची कातडी पातळ, बाळा. कोरड्या वाऱ्यात हा भेगेत निजून राहतो. दुपारी बाहेर बसला म्हणजे इथली हवा ओलसर झाली. प्रत्येक जीव आपल्या हवेपुरताच पसरतो आणि तिथंच हालचाल करतो. तू माझी माती नेलीस, सावली नेली नाहीस. तुझ्या आईनं न्हाणीपाशी तेच तर सांभाळलं होतं. तिला एकदा विचारायचं होतंस, गाढवा."

पोरगा तडक उठला. घरी गेला आणि बेण्यांबरोबर आईलाही घेऊन आला. बांधावर येताच तिनं, कुणी न सांगता, वहाणा काढल्या. मग त्यानंही काढल्या.

नऊच्या नऊ लागली. आपल्या अंगणात काही रुजत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यानं आधी भर दुपारी तिथं अनवाणी बसून बघावं.

वेल आता शेवरीच्या शेंड्याला पोचलेत. सारं गाव तीच पानं खातं, तो शेजारीही खातो. मला चळ लागलाय म्हणाला होता, त्याची माफी मागायचा राहिलाय तो शेजारी एकटा, धोंडीराम नलवडे.